थकव्यावरची मुळी आणि थकवणारा हात: ‘हजारो वर्षांच्या’ शक्तिवर्धक वनस्पतींचा खरा इतिहास (धागा)

१/ समाजमाध्यमांवर एक वाक्य रोज फिरते: थकवा आला की अश्वगंधा घ्या, आपले पूर्वज हजारो वर्षे हेच करत आले. वाक्य छोटे आहे, पण त्यात तीन दावे दडले आहेत. हा उपाय याच रूपात प्राचीन आहे. तो नैसर्गिक असल्यामुळे निर्धोक आहे. आणि थकवा ही ज्याची त्याची खासगी उणीव असून चमचाभर चूर्णाने ती भरून निघते. इतिहासाच्या कसोटीवर यातील एकही दावा धड उभा राहत नाही. तिसरा तर सर्वांत घातक आहे. क्रमाने पाहू.

२/ आरंभ चरकसंहितेपासूनच करावा लागेल, कारण दाखला तिचाच दिला जातो. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात औषधी द्रव्यांचे ५० गण सांगितले आहेत, प्रत्येक गणात दहा द्रव्ये. खोकल्यावर एक गण, तापावर एक, दाहावर एक. या पन्नासांत थकव्यासाठीही एक स्वतंत्र गण आहे आणि त्याचे नाव ‘श्रमहर’. म्हणजे प्राचीन वैद्यकाने थकव्यावर काय सुचवले, हे जाणून घ्यायला तर्क लढवण्याची गरज नाही. यादी तयार आहे. ती उघडून पाहण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाही.

३/ त्या यादीतील दहा द्रव्ये अशी: द्राक्षे, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, फल्गु म्हणजे रानअंजिराचा प्रकार, फालसा, ऊस, जव आणि साठ दिवसांत पिकणारी साळ. अश्वगंधा या दहांत नाही. शिलाजितही नाही. सात फळे, एक ऊस, दोन धान्ये आणि चारोळीचा गर! बरोबर मोजले तर चारोळी हेही फळच. म्हणजे सात फळांत तीही आली. थोडक्यात, थकलेल्या माणसासाठी चरकसंहितेचे पहिले उत्तर अन्न हे आहे. गोड, रसाळ, पोटभर अन्न.

४/ अश्वगंधा चरकात नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. ती ‘बल्य’ आणि ‘बृंहणीय’ या गणांत आहे. पहिला गण बल देणाऱ्या द्रव्यांचा, दुसरा कृश शरीराला भरीव करणाऱ्या द्रव्यांचा. रोडावलेल्या देहाला पुष्टी देणे आणि दिवसभराच्या श्रमाने आलेला शीण घालवणे, या दोन गोष्टी ग्रंथकर्त्यांना वेगळ्या वाटल्या, म्हणूनच त्यांनी गण वेगळे केले. आजच्या जाहिरातीने हा भेद पुसून टाकला आणि वर परंपरेचे नाव लावले. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना याचा पहिला राग यायला हवा.

५/ पुढचा पुरावा सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. शरीराचे जे तेरा वेग कधीही अडवू नयेत, त्यांची तिथे गणना आहे. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान यांच्या पंक्तीत दोन वेग असे आहेत: निद्रा, आणि श्रमानंतर लागणारा धापेचा श्वास. झोप आली असता जागणे आणि दम लागला असता तो दाबून धरणे, ही दोन्ही या ग्रंथाच्या दृष्टीने रोगाची कारणे आहेत. दम दाबल्याने उद्भवणाऱ्या विकारावर पहिला उपचार सांगितला आहे तो विश्रांतीचा.

६/ ‘पण रसायन-चिकित्सेचे काय?’ हा आक्षेप येणारच. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात रसायन आहे, च्यवनप्राशही तिथेच. तिथले मुख्य रसायन कुटीप्रवेशाचे. त्यासाठी एकाच्या आत एक असे गर्भागार असलेली कुटी बांधायची, आधी शरीरशोधन करायचे आणि मग नियमाने आत राहायचे. हे कोणासाठी? ज्याच्यापाशी सवड आहे आणि साधनसामग्री आहे, त्याच्यासाठी. ही अट ग्रंथाने स्वतःच घातली आहे. त्याच अध्यायाच्या अखेरीस आचाररसायन येते. त्यात सम प्रमाणातील झोप व जागरण हे रसायनाचेच अंग मानले आहे. पाच तास झोपून डबीतील गोळी गिळणे हे यांपैकी कशातच बसत नाही.

७/ मग ‘थकवा आणि ताण यांवरची सर्वगुणी वनस्पती’ ही कल्पना आली कुठून? अश्वगंधेच्या डबीवर एक शब्द हमखास असतो: ॲडाप्टोजेन. हा शब्द संस्कृत नाही, प्राचीन नाही आणि भारतीयही नाही. १९४७ मध्ये निकोलाय लाझारेव्ह या सोव्हिएत विषविज्ञाच्या लेखणीतून तो उतरला. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, त्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा वनस्पती नव्हतीच. होते डिबाझोल, प्रयोगशाळेत बनवलेले एक कृत्रिम संयुग. ते शरीराची सर्वसाधारण प्रतिकारशक्ती वाढवते, असे त्याचे म्हणणे होते.

८/ या कल्पनेला वनस्पतींकडे वळवले ते लाझारेव्हच्या परंपरेतील इस्राएल ब्रेखमन या संशोधकाने, व्लादिवोस्तोकमध्ये. आधी त्याचे लक्ष जिनसेंगवर होते. पण जिनसेंग दुर्मीळ आणि महाग. म्हणून अतिपूर्वेच्या जंगलांत मुबलक वाढणारे एल्युथेरोकॉकस हे काटेरी झुडूप पुढे आले. १९६९ मध्ये ब्रेखमन आणि दार्दिमोव्ह यांचा इंग्रजी लेख प्रसिद्ध झाला आणि ही संकल्पना पश्चिमेकडे पोचली. हे झुडूप निवडण्यामागे कोणतेही प्राचीन रहस्य नव्हते. माल स्वस्त होता आणि भरपूर होता.

९/ हे अर्क द्यायचे कोणाला? खलाशांना, खेळाडूंना, वाहनचालकांना, मोटारकारखान्यांतील कामगारांना. राज्यसंस्थेला अशी माणसे हवी होती, जी कडाक्याच्या थंडीत, लांबलचक पाळ्यांत आणि आवाजाच्या गदारोळातही कामावरून ढळणार नाहीत. ‘अनुकूलन’ हा शब्द इथे नीट वाचला पाहिजे. परिस्थिती बदलायची नाही, माणसाला तिच्याशी जुळवून घ्यायला लावायचे, हा त्याचा सरळ अर्थ. शीतयुद्धातील उत्पादनाची ही भाषा आज ध्यानधारणेच्या आणि स्वास्थ्याच्या वेष्टनात विकली जाते.

१०/ बाजाराने पुढे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. एल्युथेरोकॉकस अमेरिकेत ‘सायबेरियन जिनसेंग’ या नावाने खपत राहिले. ते जिनसेंगच्या प्रजातीतील नाही, म्हणून २००२ च्या कायद्याने तिथे हे नाव वापरण्यास मनाई झाली. अश्वगंधेला ‘भारतीय जिनसेंग’ म्हणण्याची रीत मात्र चालू राहिली. युरोपीय औषध संस्थेने २००८ मध्ये ॲडाप्टोजेन या संज्ञेचा आढावा घेतला आणि औषधविज्ञानाची मान्य संज्ञा म्हणून ती स्वीकारली नाही. डबीवरचा शब्द तरीही टिकून आहे, कारण त्याने माल खपतो.

११/ आता दुसरा दावा: नैसर्गिक म्हणजे निर्धोक. याला उत्तर म्हणून एकाच वनस्पतीची गोष्ट पुरेशी आहे. चिनी वैद्यकात मा-हुआंग म्हणजे एफेड्रा खोकला, दमा आणि ताप यांवर वापरत. १८८५ मध्ये नागाई नागायोशी या जपानी रसायनज्ञाने तिच्यातून एफेड्रिन वेगळे काढले. १८९३ मध्ये त्यानेच एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामाइन तयार केले. १९३८ मध्ये हेच द्रव्य जर्मनीत ‘पर्व्हिटिन’ या नावाच्या गोळ्यांच्या रूपाने बाजारात आले: झोप उडवणारी, शीण पळवणारी गोळी.

१२/ १९४० च्या वसंतात जर्मन फौजा फ्रान्सवर चालून गेल्या, तेव्हा एप्रिल ते जुलै या काळात त्यांच्यासाठी अशा साडेतीन कोटींहून अधिक गोळ्या रवाना झाल्या होत्या. सैनिकांची झोप उडाली, पण झोपेची गरज उडाली नाही. खुद्द एफेड्राही सुटली नाही. अमेरिकेत ‘नैसर्गिक ऊर्जा’ आणि वजन घटवणे यांसाठी ती पूरक आहार म्हणून विकली गेली आणि हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू यांच्या नोंदी साचल्यावर २००४ मध्ये तिच्यावर बंदी आली. खोकल्याचे औषध शक्तीचे औषध म्हणून विकण्याची ही किंमत होती.

१३/ पहिल्या दोन दाव्यांचा असा निकाल लागतो. तिसरा दावा अधिक खोल आहे: थकवा ही खासगी बाब आहे. त्यासाठी अँडीज पर्वतात जावे लागेल. आजच्या बोलिव्हियातील पोतोसी हे गाव सुमारे ४,००० मीटर उंचीवर वसले आहे. १५४५ मध्ये तिथल्या डोंगरात चांदी सापडली. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो याने ‘मिता’ ही वेठबिगारीची पद्धत पक्की केली. ठरावीक प्रांतांतील सुमारे एक सप्तमांश प्रौढ पुरुष, म्हणजे वर्षाला साधारण १३,५०० माणसे, पाळीपाळीने या खाणींवर धाडली जाऊ लागली.

१४/ या माणसांच्या गालात एक पान असे: कोका. भूक, थंडी आणि शीण यांची जाणीव ते बोथट करते. स्पॅनिश येण्यापूर्वीही अँडीजमध्ये हे पान होते. देवाला वाहण्यात, पाहुण्याला देण्यात, आपसांतले नाते जपण्यात त्याला मान होता आणि तिथल्या समाजांत तो आजही आहे. म्हणूनच चर्चला ते खुपले. लिमा येथील धर्मपरिषदांत त्याच्यावर टीका झाली. १५६९ च्या राजाज्ञेनेही धार्मिक विधींतील त्याच्या वापराचा निषेध केला. पण बंदी? ती आली नाही.

१५/ का आली नाही, याचे उत्तर वसाहतीच्या कारभाऱ्यांनीच देऊन ठेवले आहे. हुआन दे मातिएन्सो या न्यायाधिकाऱ्याने १५६७ मधील आपल्या ग्रंथात निःसंकोच मांडले की, कोका नसेल तर पेरूच उरणार नाही. पानाविना खाण नाही, खाणीविना चांदी नाही. होसे दे आकोस्ता या जेझुइटाने १५९० मध्ये नोंदवले की, एकट्या पोतोसीत वर्षाला ९०,००० हून अधिक टोपल्या कोका खपतो आणि व्यवहार पाच लाख पेसोंच्या वर जातो. कुस्कोच्या बिशपचे आणि धर्माधिकाऱ्यांचे उत्पन्न मोठ्या अंशी कोकावरील दशमांश करातून येत असे. ज्या पानाला देवळात पाप म्हटले, त्याच पानावर देवळाचा खर्च चालला.

१६/ हे पान पिकवणारे कोण? उष्ण दमट खोऱ्यांत राबायला उतरवलेले डोंगराळ मुलखातील मजूर. तिथे नाक आणि ओठ कुरतडणाऱ्या रोगाने त्यांना गाठले. म्हणजे खाणीतील एका मजुराचा थकवा झाकण्यासाठी मळ्यातला दुसरा मजूर झिजत होता. पानाने थकवा नाहीसा केला नाही. फक्त तो जाणवू दिला नाही. न जाणवलेल्या थकव्याची किंमत माणसाने देहाने चुकवली आणि नफा स्पेनच्या तिजोरीत जमा झाला.

१७/ ‘हे दूरदेशीचे झाले’ असे कोणी म्हणेल, तर त्याने हातातील कपाकडे पाहावे. आसाम कंपनी १८३९ मध्ये स्थापन झाली. चहाच्या मळ्यांवर मजुरांना कराराने जखडण्यात आले. १८६५ च्या कायद्याने तर पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांना मिळाला. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने आणि कोळसाखाणी यांत चहाचे गाडे उभे राहिले. दमलेला कामगार हे चहाला मिळालेले हुकमी गिऱ्हाईक होते. इथेही तोच आकृतिबंध दिसतो: एका मजुराच्या थकव्यावर दुसऱ्या मजुराच्या थकव्याचा उतारा.

१८/ याच मुंबईत थकव्यावर एक निराळा उपायही सुचवला गेला होता आणि त्याचा वैद्य होता नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक कार्यकर्ता, ‘दीनबंधु’चा संपादक, गिरण्यांचे जग आतून पाहिलेला माणूस. सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या काय होत्या? आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई.

१९/ या यादीत मुळी नाही, पाला नाही, काढा नाही. चरकाच्या यादीत अन्न होते. लोखंड्यांच्या यादीत वेळ आहे. सहा वर्षांच्या झगड्यानंतर १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी दुपारी पडून राहण्याचे जे सुख मिळते, त्याच्या मुळाशी असे लढे आहेत. महाराष्ट्राच्या इतिहासात थकव्यावरचे सर्वांत गुणकारी औषध कोणते, असे विचारले तर उत्तर ‘रविवार’ असे द्यावे लागेल. ते कोणत्याही जंगलात उगवले नाही. माणसांनी एकत्र येऊन मिळवले.

२०/ आता वर्तमानाकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३ टक्के होते. रक्तक्षयाचे पहिले लक्षण थकवा. घरात शेवटी जेवणारी, सर्वांआधी उठणारी बाई ‘गळल्यासारखे होते’ म्हणते, तेव्हा तिला रक्ततपासणी हवी असते, लोह हवे असते, ताटात पुरेसे अन्न हवे असते. तिच्या हाती शक्तिवर्धक चूर्णाची पुडी ठेवणे म्हणजे तिचा प्रश्न ऐकण्याआधीच तिला गप्प करणे. थायरॉईड, मधुमेह, ब-१२ ची कमतरता, नैराश्य यांनीही थकवा येतो. यांपैकी एकाचेही निदान डबीवर छापलेले नसते.

२१/ ‘पण आधुनिक चाचण्यांत अश्वगंधेचा उपयोग दिसला आहे.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यावे. ताण आणि झोप यांबाबत काही चाचण्यांत लाभ दिसला आहे. पण त्या बहुतांशी लहान आहेत आणि काही आठवड्यांपुरत्या आहेत. दुसऱ्या बाजूला यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. म्हणजे ही वनस्पती ना थोतांड आहे ना अमृत. ती एक औषधी द्रव्य आहे. औषध म्हटले की मात्रा, रुग्ण, काळ आणि जाणकाराचा सल्ला आला. हे आयुर्वेदाचेही म्हणणे आहे आणि आधुनिक वैद्यकाचेही.

२२/ या धाग्याचा रोख वनस्पतींवर नाही आणि आयुर्वेदावर तर मुळीच नाही. रोख आहे तो खोट्या इतिहासावर. चरकाची यादी न वाचता चरकाचे नाव घेणे, सोव्हिएत प्रयोगशाळेतील शब्द ऋषींच्या तोंडी घालणे आणि बारा तास राबणाऱ्या तरुणाला ‘तुझ्यातच ऊर्जा कमी आहे’ असे पटवणे, हा इतिहासाचा गैरवापर आहे. ज्यांना इतिहासाची आवड आहे, त्यांनी ‘हजारो वर्षांपासून’ हे शब्द दिसताच तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या ग्रंथात? कोणत्या गणात? कोणासाठी?

२३/ आणि चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पोतोसीत कोका खाणमालकाला हवा होता, आघाडीवर पर्व्हिटिन सेनापतींना हवे होते, गिरणीत चहा विकणाऱ्यांना कामगार हवा होता. थकव्यावरची मुळी कोणी पुढे केली की ती कशी घ्यायची एवढेच विचारून थांबू नये. थकवा कोणामुळे आला आणि तो न जाणवल्याने लाभ कोणाचा होणार, हेही विचारावे. १८८४ साली मुंबईच्या ५,५०० कामगारांनी नेमके हेच विचारले होते. त्यांतल्या बहुतेकांना चरक ठाऊक नसेल, पण विश्रांती हा श्रमाचा उपचार आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

(धागा समाप्त)